बिसरामची तीनची ओळ

बिसराम तुरकर हा माणूस मला कधीच आवडला नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं चुकून त्याच्याबद्दल दोन शब्द बरे निघाले तर मी सुधारलो असं कुणी समजायला नको. आमच्या गावात, कामठ्यात, त्याला सगळे बिसरामकाका म्हणतात. तोंडावर मीही म्हणतो, वयाचा मान राखावा लागतो. कागदावर राखायची मला गरज वाटत नाही.

एकसष्ट वर्षांचा माणूस. अडीच एकर धान, एक गुडघा मोडका आणि जिभेला हाड नाही. तरुणपणी गोंदियाच्या एका क्लबाकडून बॅक खेळायचा. गुडघा गेला तसा गावात परत आला, गावातल्या पोरांची फुटबॉल टीम हाती घेतली आणि ती बावीस वर्षं सोडली नाही. या बावीस वर्षांत त्यानं कुणाला शाबासकी दिल्याचं मी ऐकलेलं नाही. गोल केला तर म्हणायचा, "गोलकीपर झोपला होता." पास बरोबर गेला तर म्हणायचा, "चुकून गेला." गळ्यात शिट्टी असायची, पायजम्याच्या जुन्या नाडीत ओवलेली. ती वाजायच्या आधी शिवी यायची.

मी त्याच्या टीमचा लेफ्ट विंग होतो. माझं नाव भुपेंद्र. आसपासच्या आठ-दहा गावांत डावीकडून माझ्याइतकं जोरात पळणारं पोरगं नव्हतं, आणि हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. गावातले म्हातारेसुद्धा मॅच बघायला आले की "भुपेंद्रले द्या, भुपेंद्रले द्या" करायचे. बिसरामला नेमकं तेच खुपायचं. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू गोल करत नाही बे. तू लोकायले दाखवते." मी त्या दिवशी दोन गोल केले होते. ते वाक्य मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात गोंदियात टुर्नामेंट असते आणि दर वर्षी कामठा पहिल्याच मॅचमध्ये घरी यायचा. कधी चार गोलांनी, कधी पाच. त्या जून महिन्यात आमच्या क्रीडा मंडळाची बैठक झाली. मंडळाचा अध्यक्ष गजेंद्र. त्याचं गावात खत-बियाण्यांचं दुकान आहे, टीमच्या जर्सीवर मागच्या बाजूला त्याच्याच दुकानाचं नाव असतं. गोंदियात ऊठबस असल्यामुळं तो अर्धं हिंदीतच बोलतो.

"काका, बहुत हो गया," गजेंद्र म्हणाला. "बावीस साल. औंदा पहिली मॅच हरली का टीम मी चालवतो. मस्त पोरं आणतो नागपूरहून. जिंकनारे."

"भाड्याचे?" बिसराम म्हणाला.

"भाड्याचे क्यूं, प्रोफेशनल म्हना."

"मंग कामठ्याचे पोरं का करतीन? टाळ्या?"

बिसराम उठला, धोतर झाडल्यासारखी आपली हाफपँट झाडली आणि म्हणाला, "पहिली मॅच हरलो तर टीम तुझी. नाही हरलो तर हे गोष्ट परत काढाची नाही." गजेंद्र हसला आणि त्यानं हात पुढं केला. बिसरामनं हात न मिळवताच पाय ओढत घर गाठलं.

आता त्याला टीम बसवायची होती. आमच्याकडं सगळी शेतकऱ्यांचीच पोरं. जुलै उजाडला की रोवणा सुरू होतो, धानाची रोपं चिखलात लावायची घाई असते, आणि सरावाला कुत्रं फिरकत नाही. दर वर्षी आम्ही तसेच हरायचो. त्या वर्षी बिसरामनं सरावाला हाकच दिली नाही. एका दुपारी त्यानं आम्हाला त्याच्या बांधीवर बोलावलं. बांधी म्हणजे आमच्याकडची धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, अडवलेली धानाची एक चौकोनी फाळी. बिसरामच्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, एक जुडी होती. त्यातली अकरा रोपं काढून त्यानं ओल्या धुऱ्यावर खोचली. मागं एक, मग तीन, मग पाच, मग दोन.

"आजवर चार बॅक खेळवले," तो म्हणाला. "चार बॅक आपल्यापाशी नाहीच. तीन हायेत. मधात पाच, काऊन का आपले पोरं दिवसभर पळतेत, पन लांब लाथ मारता येत नाही एकाले. समोर दोन."

मग त्यानं ती तीन रोपं उपटून हातभर पुढं खोचली, जवळजवळ पाचांच्या पाठीशी. "हे तीन इथं राहातीन. गोलपाशी नाही. मधात. गोंदियावाल्यायचा समोरचा पोट्टा जोरात पळते म्हनते ना? पळू द्या. आपले तिघं एकदम एक पाय पुढं सरकतीन, तो मागं राहीन, लाइनवाला झेंडा दाखवन. ऑफसाइड. मोठ्या मैदानाची आपल्या बांधीएवढी जागा करून टाकाची. बांधीत आपल्याले कोन हरवते?"

ज्यांना फुटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्यानं चेंडू पुढं मारला त्या क्षणी त्यांचा गडी आपल्या शेवटच्या बॅकच्याही मागं, गोलकीपरजवळ उभा सापडला, तर तो बाद धरतात. म्हणून तिघं बॅक नेमक्या वेळी एकदम पुढं सरकले तर तो आपोआप अडकतो. पण तिघांतला एकजण जरी जागेवर राहिला, तरी सगळा खेळ उलटतो आणि गडी एकटा गोलसमोर मोकळा. धंदा दोन इंचांचा आहे. शहाणा माणूस कामठ्याच्या पोरांकडून असली अपेक्षा धरणार नाही.

"गोलात ईश्वरदास," बिसराम म्हणाला. ईश्वरदास राईस मिलमध्ये हमाल होता, वरून आलेलं पोतं छातीवर झेलायचा. ते मला पटलं. "बॅक तीन. उजवीकडं टिंकू. मधात मंगरू." मंगरू गरीब घरचा, कमी बोलणारा, कुणी काही म्हटलं तर हसून बाजूला होणारा पोरगा. त्याला मध्ये? मी हसलो. मग बिसराम माझ्याकडं वळला.

"डावीकडं भुप्या."

"काका, मी विंग हाओ," मी म्हणालो.

"ह्या रचनेत तुझी विंग नाही."

"मंग रचना बदला."

"तुझ्यासाठी?" तो म्हणाला. "आजवर तुझ्यासाठीच बदलली. चार गोल खाल्ले दर सालाले."

माझी कानशिलं तापली. गोल करणाऱ्या माणसाला मागं नेऊन टाकलं, तेही मंगरूच्या शेजारी. मी त्या दिवशी टीम सोडायला हवी होती. नाही सोडली. गोंदियाच्या मैदानावर लोकांसमोर खेळायची हाव होती, दुसरं काय.

खरी फजिती पुढं होती. तिघांना एका पावलात आणायला बिसरामनं सराव ठेवलाच नाही. त्यानं आम्हाला त्याच्या बांधीत रोवण्याला लावलं. रोवणा बाया करतात. त्याची बायको शामकला, गावातली सगळ्यात जुनी रोवणावाली, तिच्या हाताखाली पंधरा बाया. त्या एका ओळीत वाकून रोपं खोचत मागं मागं सरकतात. शामकलाकाकी "सरक!" म्हणाली की सगळ्यांचं एकच पाऊल मागं. एखादी चुकली तर तिच्या दोन्ही बाजूला रोप लागतं आणि ती एकटी पुढं अडकून राहते, मग बाकीच्या तिची अशी खेचतात की विचारू नका. त्या ओळीत आम्ही तिघं, गुडघ्याएवढ्या चिखलात, बायांच्या मध्ये.

"मागं सरकाचं इथं, पुढं सरकाचं तिथं," बिसराम धुऱ्यावर उभा राहून सांगायचा. "दिशा वेगळी, बाकी तेच हाय. डोळ्यानं पाहू नोको. कानानं सरक."

आठ दिवस. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून बघायचा. "भुपेंद्र, लुगडं आनू का गा?" असं विचारणारे भेटले. गावात लोक म्हणायचे, बिसरामनं फुकटात रोवणा उरकून घेतला, लबाड म्हातारा. मीही तेच म्हणत होतो. दुपारी शामकलाकाकी भात आणि लाखोळीची डाळ वाढायची, आणि तीसुद्धा म्हणायची, "भुपेंद्र, तू कायले मान वर करते गा? सगळी ओळ तुझ्यापायी वाकडी होऊन राहिली." पहिल्या तीन दिवसांत मंगरूला मात्र ते जमलं. त्याला लाज नव्हती, म्हणून असेल. पाचव्या दिवशी बिसरामनं ठरवलं की मैदानावर "सरक" ही हाक मंगरूच देणार. मंगरूनं पहिल्यांदा हाक दिली तेव्हा आम्ही दचकलो. रोज पुटपुटणाऱ्या पोराच्या पोटातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. बिसरामनं खिशातून सुपारी काढून मंगरूच्या हातावर ठेवली. मला त्यानं कधीच सुपारी दिली नव्हती.

मॅचच्या आदल्या दिवशी गजेंद्र मला दुकानावर बोलावून म्हणाला, "तुझ्यासारखा खिलाडी पीछे? ये तो जुलूम है यार. टीम माझ्याकडं आली ना, तू सामने. लिहून घे." मी त्याचा चहा प्यालो.

मॅच झाली. गोंदियाच्या एका मोहल्ल्याची टीम होती, उंचापुरी पोरं, आणि त्यांचा तो पुढचा पळणारा, हिरव्या बुटांचा. पहिल्या पाच मिनिटांत तो आमच्या मागं पळाला. मंगरू ओरडला, "सरक!" आम्ही तिघं एक पाऊल पुढं. झेंडा वर. पुन्हा पळाला, पुन्हा झेंडा. पब्लिकला आधी कळेना, मग ते हसायला लागले. "फिर ऑफसाइड! अरे भाई, घडी देख के भाग!" हिरव्या बुटांचा गडी चिडून चिडून लाल झाला. त्याला नऊदा पकडला आम्ही. मध्ये आमचे पाच त्यांच्या पायात घुटमळत होते, चेंडू त्यांना सरळ मारता येत नव्हता. खरंच ते मोठं मैदान आक्रसलं होतं. हे मी कबूल करतो. मनात शिव्या देत कबूल करतो.

दुसऱ्या हाफमध्ये माझ्या पायात चेंडू आला आणि समोर डावी बाजू पूर्ण मोकळी दिसली. मी गेलो. दोघांना मागं टाकलं, आत वळलो, मारला. गोलच्या खांबाला लागून परत आला. सगळं मैदान "ओऽऽ" करून उभं राहिलं, आणि त्या आवाजाच्या वर बिसरामचा आवाज आला, "जाग्यावर ये बे! तुले कोन बोलावलं तिकडं?" लोक हसले. माझ्यावर हसले. लाइनीजवळ खुर्चीत गजेंद्र बसला होता. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, जणू म्हणत होता, बघ, मी काय म्हणालो होतो.

शून्य-शून्य होतं. चार मिनिटं उरली होती. बरोबरीत सुटली असती तर पेनल्ट्या, आणि पोतं झेलणारा ईश्वरदास गोलात. बिसराम हरणार नव्हता. हिरवे बूट पुन्हा निघाले. त्यांच्या मधल्यानं मान वर केली. मंगरूनं हाक दिली. स्वच्छ, खणखणीत, माझ्यापासून पंधरा पावलांवर. टिंकू सरकला. मंगरू सरकला.

मी सरकलो नाही.

पाय घसरला नाही, लक्ष नव्हतं असंही नाही. मी मुद्दाम थांबलो. दोन टाचा मातीत रोवून उभा राहिलो आणि हिरव्या बुटांना माझ्या अंगावरून जाताना बघितलं. झेंडा खालीच राहिला. ईश्वरदास बाहेर धावला, चेंडू त्याच्या बगलेखालून आत गेला.

शिट्टी वाजली, मॅच संपली. बिसराम लंगडत मैदानात आला आणि थेट माझ्यासमोर उभा राहिला. "काऊन थांबला?"

सगळे गोळा झाले होते. गजेंद्र आला होता, गावातले पंधरा-वीस जण आले होते. मी म्हणालो, "आवाजच नाही आला."

मंगरूनं माझ्याकडं बघितलं. "देला ना भाऊ... मी देला होता आवाज."

"मले नाही ऐकू आला," मी म्हणालो. "तोंडातल्या तोंडात बोलते हा. पहिल्यापासून सांगत होतो, याले मधात ठेवू नका."

"मले ऐकू आला," बिसराम म्हणाला. "इथं, लाइनीबाहेर ऐकू आला."

"काका, बस करो," गजेंद्र म्हणाला. "हारे तो हारे. लाइन-फाइन रोवणा-फोवणा सब फेल." टिंकूकडं कुणी बघितलं तर तो मान खाली घालून बूट सोडत बसला होता. हाक त्यानंही ऐकली असणार. मंगरू हळूच म्हणाला, "माझाच कमी पडला असन आवाज." आणि त्यानं माझी माफी मागितली. माझी. मी "जाऊ दे" म्हणालो. मोठं मन दाखवलं मी.

पुढचं थोडक्यात सांगतो. टीम गजेंद्रकडं गेली. नागपूरहून नऊ पोरं आली, चांगल्या बुटांची. मला अठरा नंबरची जर्सी मिळाली आणि मी दोन वर्षं बाकावर बसून त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. ते पहिल्या वर्षी दोन मॅच जिंकले, दुसऱ्या वर्षी एक, आणि मग गजेंद्रला शंकरपटाचा, बैलांच्या शर्यतींचा, नाद लागला. बैलांच्या जोडीवर नाव झळकतं, पोरांच्या पाठीवर तेवढं झळकत नाही. आज कामठ्यात टीमच नाही. आणि मंगरूला गावात मुका मंगरू म्हणतात. टेम्पो थांब्यावर उभा असला की पोरं ओरडतात, "मंगरू, आवाज दे ना!" तो हसतो. त्यानं पुन्हा कधी बूट घातले नाहीत.

यंदा जुलैत मी आमच्या शेताकडं निघालो होतो. वाट बिसरामच्या बांधीवरून जाते. तो धुऱ्यावर पऱ्ह्याच्या जुड्या मोजून टाकत होता. आता आणखी वाकलाय. बांधीत शामकलाकाकीच्या बाया ओळीत होत्या आणि मधोमध मंगरू, चिखलानं माखलेला. तो आता रोजच त्यांच्यासोबत रोवण्याला जातो.

मी थांबलो. का थांबलो ते ठाऊक नाही. म्हणालो, "काका, औंदा टीम उभी करा ना. गजेंद्रनं तर सोडली. मी येतो. जिथं म्हनाल तिथं खेळतो. डावीकडं, मागं, तुमच्या तिनात."

बिसरामनं जुडी टाकली. माझ्याकडं बघितलं नाही.

"मंगरूले सांगितलं का?"

"काय?" मी म्हणालो.

"तीन सालं झाली. सांगितलं का त्याले, तुले आवाज ऐकू आला होता म्हनून?"

"काका, आता ते जुनी गोष्ट—"

"तो तिथं हाय. बाया हायेत. आता सांग. मंग टीमचं बोलू." त्यानं दुसरी जुडी उचलली. "नाही तर माझ्या धुऱ्यावरून चालू नोको. रस्त्यानं जात जा."

मला एवढा संताप आला. कोण हा, माझा बाप? बावीस वर्षं हरणारा माणूस, आणि माझ्याकडून हिशेब मागतो. मी दोन पावलं पुढं गेलो, मंगरूच्या दिशेनं. तेवढ्यात त्यानं मान वर केली, मला बघितलं आणि चिखलाचा हात उंचावला. तोंडभर हसला. "काय गा, भुपेंद्रभाऊ! बरं हाय ना?"

पंधरा बाया माझ्याकडं बघत होत्या. बिसराम बघत नव्हता.

"हो," मी म्हणालो. "कुठवर आला रोवणा?"

"ही बांधी सरली का झालं," मंगरू म्हणाला आणि पुन्हा वाकला.

मी धुऱ्यावरून खाली उतरलो आणि रस्त्याची वाट धरली. शामकलाकाकीचा घसा बसला होता त्या दिवशी, म्हणून ओळीची हाक मंगरू देत होता. "सरक!" मी बांधी ओलांडली, नाला ओलांडला, डांबरी रस्त्याला लागलो. तिथंही त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.